चपचप, सुरसुर आणि पांढरीचं टेकाड

बुधवार : डेक्कन कॉलेज

गाडीत मी मागची सीट घेतली आणि दादाने कारण विचारलं नाही. मामेभाऊ असला तरी आम्ही लहानपणी एकाच घरात वाढलो. पंगत बसली की मी ताट उचलून आतल्या खोलीत जायचे आणि त्यावरून घरात काय रणधुमाळी व्हायची, ते त्याने बघितलंय. मला माणसांच्या तोंडाचे आवाज सहन होत नाहीत. चावण्याचा, भुरकण्याचा, जेवण झाल्यावर दातांच्या फटीतून हवा ओढण्याचा, आणि यांच्याच गोतावळ्यातला नाक ओढण्याचा. फटाके, ढोल, हॉर्न यांचा त्रास मला चारचौघांइतकाच होतो. पण शेजारचा माणूस ओठ मिटून जरी खात असला तरी माझी मान आणि खांदे ताठ होतात, आणि समोर कोण काय बोलतंय ते ऐकूच येईनासं होतं. फक्त तो जबडा ऐकू येतो.

याला मिसोफोनिया म्हणतात. मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ या दोघांनी २००१ मध्ये ही संज्ञा मांडली. कान तपासले तर ते ठणठणीत निघतात. २०१७ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांच्या मेंदूचे स्कॅन केले. त्रासाचा आवाज ऐकताना इन्सुलाचा पुढचा भाग, म्हणजे कशाकडे लक्ष द्यायचं आणि त्याचं किती वाटून घ्यायचं हे ठरवण्यात ज्याचा हात असतो तो भाग, इतरांपेक्षा फारच जोरात कामाला लागतो असं त्यांना दिसलं. पुढे २०२१ मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. ऐकण्याचा भाग आणि तोंड-घसा हलवण्याचा भाग यांच्यातली जोडणी अशा मेंदूत जास्त घट्ट असते. थोडक्यात, चावतो समोरचा आणि त्याचा जबडा शिरतो माझ्या डोक्यात. आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये याला अजून जागा नाही, त्यामुळे 'लाडावलेली आहे' हे निदान आमच्याकडे बरीच वर्षं चाललं.

दादा पुरातत्त्वातला. एमएनंतर कितीतरी हिवाळे त्याने उत्खननाच्या तंबूत काढले, आता शिकवतो. ऑफिसमधल्या मोकळ्या हॉलला कंटाळून मी त्याला म्हटलं होतं, "जिथे कोणी नाही अशा जुन्या जागा दाखव मला." तो म्हणाला, "कोणी नाही अशी जागा आमच्या धंद्यात नसतेच. पण चल."

सुरुवात संग्रहालयापासून. डेक्कन कॉलेजचं मूळ १८२१ सालच्या पाठशाळेत आहे. सध्याची दगडी गॉथिक इमारत १८६० च्या दशकातली. १९३९ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया इथे आले आणि महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्याही बराच मागे सरकवण्याचं काम पुढच्या काही दशकांत इथूनच झालं. ताम्रपाषाण काळातली शेतकरी गावं, म्हणजे आजपासून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, ही त्या कामाची मोठी मिळकत.

आत शिरल्यावर आधी दादाने मला एका ओळखीच्या माणसाच्या टेबलापाशी नेलं. तिथे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ठेवलेली खापरं होती. त्यातलं एक त्याने दोन बोटांत अलगद, अगदी कडेला धरलं आणि दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मारली. टण्ण. मातीचा तुकडा, पण आवाज धातूचा. कड मऊ पडलेली, वरचा लाल रंग फिकट झालेला, त्यावर काळ्या रेघांची जाळी, आणि तुटलेल्या बाजूने बघितलं तर आतली माती एकसारखी भाजलेली, मध्ये राखाडी पट्टा नाही. "जोर्वे," दादा म्हणाला. "चाकावर घडवलेलं, चांगल्या आचेवर भाजलेलं. टिचकीला वाजतं हे त्याचं लक्षण पुस्तकात लिहिलेलं असतं." मग त्याने जाड, हाताने घडवलेल्या दुसऱ्या खापराला टिचकी मारली. थप्प. मी त्याच्या हातातून पहिला तुकडा मागून घेतला आणि स्वतः वाजवून पाहिला. पुन्हा पाहिला. आवाज ऐकायची हौस मला क्वचितच होते, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवते.

संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ च्या सुमारास तिथे खोदकाम झालं आणि त्या गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं.

दालनात इनामगावच्या वस्तू बघताना पलीकडे एक गृहस्थ होते आणि त्यांना सर्दी होती. दर सहा-सात सेकंदांनी सुर्र. रुमाल का नाही वापरत हा माणूस, या विचारात माझ्या आयुष्यातला केवढा वेळ गेलाय! दोन सुर्रच्या मधल्या फटीत मी लहान मुलांच्या दफनांबद्दल समजून घेतलं. मूल गेलं की दोन राखाडी रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, मूल त्यात, आणि रांजण घरातल्याच जमिनीखाली खड्ड्यात. वर पुन्हा जमीन सारवायची. रोजचं बसणं-उठणं त्याच जागेवर. मोठ्या माणसांना मात्र खड्ड्यात उताणं झोपवायचं, डोकं उत्तरेला, आणि पावलं घोट्यापासून तोडलेली. मेलेला उठून जाऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. सोबत वाडगा आणि तोटीचं भांडं.

तोटीची ही भांडी जोर्वे खापरांची ओळखच आहे. मी दादाला विचारलं, यातून पाणी वरून धार धरून पीत असतील का? "असतीलही. का गं?" कारण वरून धार धरून पिणारा माणूस भुरकत नाही. तो एवढ्या मोठ्याने हसला की सर्दीवाले गृहस्थ दालन सोडून गेले. दुहेरी फायदा.

गुरुवार : इनामगाव

शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ पासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डेक्कन कॉलेजने इथे हंगामामागून हंगाम काम केलं. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर, आडवं पसरून खोदलेलं ताम्रपाषाणयुगीन गाव भारतात दुसरं मिळणं कठीण. आणि आज तिथे बघायला काय आहे? काही नाही. खोदलेले चर बुजवलेले, सभोवती शेतं, नदीकडे उतरत जाणारी पांढरीची जमीन. राख, शेण, सारवण, पडलेल्या भिंती असं सगळं शतकानुशतकं मुरून माती अशी फिकट होते. गावोगावच्या लोकांना पांढर कुठे आहे हे पुरातत्त्ववाल्यांच्या आधीपासून माहीत असतं.

ज्यांना अवशेष 'दिसायला' हवे असतात त्यांनी इथे येऊ नये. मला मात्र जागा आवडली. वारा, लांबवर पाण्याचा पंप, टिटवी.

बांधावर एक बाबा येऊन बसले. तरुणपणी खणतीवर पाट्या उचलल्या होत्या म्हणाले. तळहातावर तंबाखू मळत होते. मी थोडी वाऱ्याच्या दिशेला सरकले. "लई हळू काम असायचं त्यांचं, ताई. आम्ही फावड्यानं दोन तासांत केलं असतं ते कुंच्यानं आठ दिस करायचे." दादाने मान डोलावली. मग दोघांच्या खोदकामाच्या आवाजावरून ज्या गप्पा रंगल्या त्या मी कान देऊन ऐकल्या. दादा सांगत होता की करणीने, म्हणजे गवंड्याच्या छोट्या थापीने, माती खरवडताना डोळ्यांच्या आधी कधीकधी कान सांगतो. भुसभुशीत भरावात करणी नुसती सरकते, खर्र असा लांब आवाज येतो. चोपलेल्या जमिनीवर आली की आवाज आखूड आणि कोरडा होतो. दगडावर ती किंचाळते, हाडावर वेगळीच. तेव्हा हात लगेच थांबला पाहिजे. "नवी पोरं कानात गाणी लावून खोदायला बसली की मी उठवायचो त्यांना," तो म्हणाला. बाबा म्हणाले, रांजण लागला की खालून पोकळ वाजायचं, मग सगळे काम थांबवून गोळा व्हायचे.

मला हे अगदी ओळखीचं वाटलं. बारीक आवाजातला फरक टिपायचा आणि अंग जागच्या जागी गोठवायचं, हे तर मी दिवसभर फुकट करत असते. दादाला हे म्हटलं तर तो म्हणाला, "तू चांगली ट्रेंच सुपरवायझर झाली असतीस. जेवणाच्या सुट्टीपर्यंत."

बाबा गेल्यावर आम्ही टेकाडावर हिंडलो. खाली काही पडलेलं दिसलं तरी उचलायचं नाही, ही सक्त ताकीद. दादा जमिनीकडे बोट दाखवत गाव उभं करत होता. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास पहिली वस्ती, १४०० पासून हजारपर्यंत भरभराट. तेव्हाची घरं चौकोनी, कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, ओळीने मांडलेली, मध्ये बोळ. चुली, धान्याच्या कणग्या, दळायचे दगड. नदीचं पाणी वळवण्यासाठी पाट आणि बांध. पीक मुख्यतः जवाचं. मधोमध पाच खोल्यांचं एक मोठं घर, शेजारी कोठार. गावप्रमुखाचं असावं असं ढवळीकरांचं म्हणणं. कुंभार आणि इतर कारागीर पश्चिमेच्या कडेला.

मी त्या बोळात उभी राहून कुडाच्या भिंतींचा विचार करत होते. भिंतीला कान असतात म्हणतात, पण कुडाच्या भिंतीला तर तोंडही असणार. शेजारच्या घरातलं खोकणं, पोराचं रडणं, गुरांचं रवंथ, पहाटेपासून दगडावर दगड घासून दळणं, हे सगळं आरपार. ज्या जागेला मी शांत म्हणत होते ती चारशे वर्षं बहुधा एक क्षणही गप्प नसेल. माझ्यासारखी एखादी तिथे असेलच की. ताट घेऊन आत कुठे जाणार? आतली खोलीच नाही.

आणि मग दात. इनामगावला अडीचशेहून जास्त दफनं मिळाली, आणि जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी तिथल्या दातांचा बारकाईने अभ्यास केला. दात हा शरीरातला सगळ्यात टिकाऊ भाग. हाड आयुष्यभर स्वतःला नव्याने घडवत राहतं, पण दातावरचं एनॅमल एकदा तयार झालं की झालं. ते तयार होत असताना मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं, तर तिथे खड्डा किंवा रेघ राहते आणि ती कधीच भरून येत नाही. त्यामुळे दुधाच्या दातावरून बाळाच्या, कधी तर पोटात असतानाच्या दिवसांचीही खबर मिळते. दगडावर दळलेल्या पिठात दगडाची बारीक कच येते, ती चावून चावून दाढा सपाट होतात. पिठूळ, चिकट खाणं वाढलं की कीड वाढते. काय खात होते, किती चावत होते, कुठल्या वर्षी पोटभर मिळालं नाही, हे सगळं त्या जबड्यात.

दादा हे सांगत असताना माझ्या लक्षात आलं की तासभर मी एकाच विषयावर प्रश्न विचारतेय, आणि तो विषय आहे : चावणं. घास किती वेळ चघळत असतील? पुढचे दात झिजलेत की मागचे? घरात जे ऐकून मी खोली सोडते त्याचंच हे उरलेलं अर्धं, फक्त आवाज गळून गेलेला. आवाज नसेल तर मला त्या जबड्याबद्दल माया वाटायला काहीच अडचण येत नाही, हे जरा विचित्रच आहे. हाच नियम मी जिवंत माणसांना का लावू शकत नाही, याचं उत्तर इन्सुलाला विचारावं लागेल.

शेवटच्या काळात, हजार ते सातशेच्या दरम्यान, चौकोनी घरं कमी होऊन लहान गोल झोपड्या आल्या. हवा कोरडी झाली, शेती बसली, लोक गुरांमागे फिरू लागले अशी मांडणी बरीच वर्षं शिकवली जाते. त्यावर अलीकडे शंकाही घेतल्या गेल्यात. याच काळातलं ते चार पायांच्या, कच्च्या मातीच्या रांजणातलं दफन. चाळिशीच्या आसपासचा पुरुष, मांडी घालून बसवलेला. त्याची पावलं तोडलेली नाहीत.

शुक्रवार : नाणेघाट आणि तुळजा लेणी

सकाळी गाडीत ड्रायव्हरकाकांनी फुटाण्यांची पुडी काढली. मी इअरप्लग घातले. काका आरशातून बघून म्हणाले, "झोपा, झोपा ताई." बरंय.

नाणेघाटाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आवरते. खिंडीतल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. कुठले यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दान दिले याचा हिशेब. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकलेखनापैकी काही इथे आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता वर नावं आहेत आणि खाली पावलांचे अवशेष. "इनामगावला पाय नाहीत, इथे पायच उरलेत," दादा म्हणाला. हा विनोद तो वर्गात दरवर्षी करत असणार.

घाटमाथ्यावर जो वारा सुटला होता त्याची मात्र मी ऋणी आहे. असा सलग, सगळ्या पट्ट्यांत सारखा भरलेला आवाज बाकी सगळं गिळून टाकतो. शेजारी एक ग्रुप पाकिटं फोडून खात होता, मी त्यांच्यापासून चार हातांवर बसून दरी बघितली. मिसोफोनिया असलेली पुष्कळ माणसं घरात पंखा मुद्दाम मोठा ठेवतात ते याचसाठी.

दुपारी जुन्नरजवळ तुळजा लेणी. या तालुक्याच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत, इतकी दाटी देशात दुसरीकडे नाही. तुळजाचा चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, गोल आहे, बारा खांबांचं कडं, वर घुमट. मी मध्यावर उभी राहिले आणि मला माझाच श्वास डोक्याच्या वरून ऐकू आला. अंतर्गोल पृष्ठभाग आवाज गोळा करून परत फेकतो, भौतिकशास्त्र साधंच आहे. दादा कडेच्या खांबापाशी उभा होता आणि त्याने जीभ टाळ्याला लावून एक चट् केलं. बाहेर येऊन मी त्याला सांगितलं की पुन्हा असं केलंस तर पुढचा प्रवास एसटीने. त्याचा हेतू आवाजशास्त्राचा होता म्हणे.

शनिवार : भाजे

पावसाळ्यात पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. आता हिवाळ्यात, सकाळी लवकर, माणसं मोजकी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची ही लेणी. चैत्याचे खांब आतल्या बाजूला झुकलेले, कारण कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती. लाकडी इमारतीत खांब तिरके ठेवले तर छपराचा रेटा पेलतो. दगडात कोरताना त्याची गरज नव्हती, तरी सवयीने कोरले. छताला वर लाकडी फासळ्याही आहेत.

विहारातल्या ओसरीत ते प्रसिद्ध शिल्प आहे, रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखलं जाणारं. तिथेच एक बाई उभ्या वाद्यांच्या जोडीवर हात मारतेय आणि दुसरी नाचतेय. तबल्याचा पूर्वज हाच, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते जरा ओढूनताणून वाटतं. जोडीने वाजवायचे ढोल जगात अनेकांनी केले असतील. पण वाजवणारीच्या हातांची ठेवण बघण्यासारखी आहे खरी.

आतल्या खोल्या मी वेळ घेऊन बघितल्या. माणूस आडवा होईल एवढी जागा, दगडी बाक, ठेंगणं दार. खोलीला खोली लागून. दगड आवाज फारसा शोषत नाही, त्यामुळे एका खोलीत कोणी घसा साफ केला तर तो बाहेरच्या ओसरीत फिरून सगळ्यांच्या दारात जाणार. मी बाकावर बसून दादाला हे म्हटलं, आणि तो म्हणाला, "मग तुला शेखिय नियम माहीत नाहीत वाटतं."

नव्हते माहीत. पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध संघाच्या शिस्तीच्या ग्रंथात, भिक्खूंच्या वागणुकीचे पंच्याहत्तर शेखिय नियम आहेत. कपडे कसे ल्यावेत, गावात कसं चालावं वगैरे. त्यातले तब्बल तीस जेवणाबद्दल. घास फार मोठा करू नये. तोंडात घास असताना बोलू नये. गाल फुगवून खाऊ नये. जीभ बाहेर काढू नये. बोटं चाटू नयेत. आणि पन्नासावा नियम : चपुचपु आवाज करत जेवू नये. एक्कावन्नावा : सुरुसुरु आवाज करत जेवू नये.

मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. न चपुचपुकारकं भुञ्जिस्सामि. न सुरुसुरुकारकं भुञ्जिस्सामि. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा तो आवाज अक्षरशः जसाच्या तसा लिहून ठेवलाय. मला भाज्याच्या त्या दगडी बाकावर बसून हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं. मोहम्मद रफीच्या गाण्यांपासून मंगळावरच्या वाऱ्यापर्यंत सगळ्या आवाजांच्या नोंदी जगात आहेत, पण माझ्या छळाची नोंद इतकी जुनी आणि इतकी नेमकी असेल असं वाटलं नव्हतं.

सुरुसुरु नियमामागची गोष्टही विनयात आहे. कौशांबीत एका ब्राह्मणाने संघासाठी दुधाचं पेय केलं. भिक्खू सुरुसुरु करत प्यायले. त्यांच्यातला एक पूर्वाश्रमीचा नट होता. तो म्हणाला, सगळा संघ गारठलेला दिसतोय! दात वाजतायत असं ऐकू येतंय, असा त्याचा टोमणा. तक्रार बुद्धांपर्यंत गेली. त्यांनी थट्टेबद्दल त्या भिक्खूचे कान उपटले आणि वर सुरुसुरुवर बंदीही घातली. मला त्या नटाचं नाव हवं होतं, पण ते दिलेलं नाही. नट म्हणजे आवाजाचं भान असलेला माणूस. तो आमच्यातलाच असावा अशी माझी खात्री आहे, पुरावा शून्य.

दादाने लगेच पाणी ओतलं : हे नियम ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी नाहीत, दान देणाऱ्या गृहस्थांसमोर संघाची शोभा राहावी म्हणून आहेत. शिवाय प्रत्येक संप्रदायाचा विनय थोडा वेगळा, जरी याच जातीचे नियम इतरांकडेही सापडतात. ठीक आहे. कारण काहीही असो, त्या पंगतीत चपुचपु नव्हतं किंवा निदान नसायला हवं होतं. मी असा आश्रम शोधत होते हे त्याला काय कळणार.

बाहेर दक्षिणेकडे चौदा स्तूपांचा समूह आहे, तिथे राहून गेलेल्या ज्येष्ठ भिक्खूंच्या स्मरणार्थ. काहींची नावं कोरलेली : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. एरवी अशा नावांपुढून मी सरळ गेले असते. आज मात्र धम्मगिरी थेर पेज कशी पीत असतील, याचा विचार करत तिथे बराच वेळ उभी होते.

रविवार : कार्ले

रविवारी जाऊ नये म्हणतात, आम्ही गेलो. एकवीरेच्या दर्शनाची रांग, घंटा, हाकारे, खाली ढोल. चैत्याच्या दाराशी मंदिर असल्यामुळे दोन्हीकडची गर्दी एकमेकांत मिसळते.

कार्ल्याचा चैत्य साधारण अडतीस मीटर लांब आणि चौदा मीटर उंच. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने लेखात लिहून ठेवलंय की हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आहे. एरवी देणगीदारांच्या अशा वाक्यांकडे मी कानाडोळा करते, पण इथे माणूस खोटं बोलत नाही. खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक वगैरे परदेशी लोकांची, नावं, वर हत्तीवर बसलेली जोडपी, छतात दोन हजार वर्षं टिकलेल्या लाकडी फासळ्या, स्तूपावर लाकडाचंच छत्र. या फासळ्या काही पेलत नाहीत, नुसत्या शोभेच्या.

आत पाऊल टाकलं आणि मी इअरप्लगसाठी खिशात हात घातला. पोरं ओरडून प्रतिध्वनी ऐकत होती. पण दोन मिनिटांनी लक्षात आलं की मला काही होत नाहीये. एवढ्या मोठ्या दगडी पोकळीत प्रत्येक आवाज लांबत जातो आणि पुढच्या आवाजात सांडतो. बोलणं कळत नाही, शब्दांच्या कडा विरघळतात. माझ्या अगदी बाजूला एक काका बडीशेप चघळत उभे होते. मला त्यांचा जबडा हलताना दिसत होता आणि आवाज वेगळा निघत नव्हता. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघत राहिले. चपुचपु होतंय, नक्की होतंय, पण ते वर कमानीत जाऊन घंटेत, पोरांच्या ओरडण्यात, चपलांच्या घासण्यात मिसळतंय. काकांनी शेवटी विचारलं, "ओळखता का मला?"

मला त्रास आवाजाचा होतो, की आवाज कुठून येतोय हे नेमकं कळण्याचा? आजवर मी शांततेच्या मागे होते, पण शांत खोलीतच तर एक घास लख्ख ऐकू येतो. लायब्ररी, परीक्षेचा हॉल, रात्रीची ट्रेन, या माझ्या सगळ्यात वाईट जागा आहेत. दादा म्हणाला, दगडातल्या अशा पोकळ्यांमधला आवाज मोजणारी एक अख्खी शाखा आता आहे, ध्वनी-पुरातत्त्व. जुन्या वास्तू कशा ऐकू यायच्या, हे ते तपासतात.

परतताना त्याने पुढच्या सहलीचा विषय काढला. कर्नाटकात बळ्ळारीजवळ कुपगलची टेकडी. नवाश्मयुगातल्या लोकांनी तिथल्या काळ्या डोलेराइट खडकावर बैलांची चित्रं कोरली आहेत, आणि काही शिळांवर ठोकून ठोकून पडलेले खळगे आहेत. त्या जागी दगडाने ठोकलं की शिळा घंटेसारखी वाजते. १८९२ मध्येच कोणीतरी याची नोंद केली होती, मग विसरली गेली, आणि निकोल बोइव्हिन यांनी २००४ मध्ये पुन्हा जगासमोर आणली. खडीच्या खाणींमुळे टेकडीला धोका आहे, त्यामुळे लवकर जायला हवं, असं त्याचं म्हणणं.

"ड्रायव्हरकाका पण येतील ना?" मी विचारलं.

"येतील की. का?"

"त्यांना शेखिय नियम पाठ करून घे. पन्नास आणि एक्कावन्न."

काकांनी आरशातून आमच्याकडे बघितलं आणि पुडी पुढे केली. दादाने मूठभर फुटाणे घेतले. मी खिडकीची काच पूर्ण खाली केली, हायवेचा वारा आत घेतला, आणि बळ्ळारीच्या गाड्यांची वेळ बघायला लागले. स्लीपर नको, जनरलचा गोंगाट बरा.